अर्जेंटिनातली चाळीस पावलं

अर्जेंटिना देशात मी एकूण चाळीस पावलं चाललो. येतानाही चाळीसच भरली, पण ती मी धरत नाही, कारण ती परतीची होती आणि तेव्हा मागून एक मीटर रीडर चालत होता. टेंभुर्णीत परत आल्यापासून जो तो विचारतो, "इतक्या लांब गेल्ते, मंग तिथला तो मोठा धबधबा पाह्यला का न्हाई?" पाहिला, असं मी सांगतो, पत्र्याच्या डब्याच्या झाकणावर. लोकांना वाटतं साहेब चेष्टा करून राह्यले. म्हणून एकदाचं सगळं बयाजवार लिहून काढतो.

मी मोजणी खात्यातला निवृत्त माणूस. जाफराबाद आणि भोकरदन तालुक्यांत उभी हयात लोकांचे बांध मोजण्यात गेली. सख्ख्या भावांचे बांध, चुलत्या-पुतण्यांचे बांध, एकदा तर नवरा-बायकोचाही. हद्दीच्या दगडापाशी उभं राहून दोन्हीकडच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. पण एक नियम मी शेवटपर्यंत पाळला. लगतच्या खातेदाराला नोटीस गेल्याशिवाय त्याच्या रानात पाय ठेवायचा नाही. घसा कोरडा पडला तरी मी पलीकडच्या विहिरीवर पाणी प्यायला गेलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे जे घडलं त्याची मला किती लाज वाटली हे कळेल.

आमचा अमोल सोयाबीनच्या बियाण्यातला माणूस. जालन्यात बियाण्याच्या धंद्यात हात बसला आणि तिथून ब्राझीलच्या एका कंपनीने त्याला उचलला. दोन वर्षं तो बोलावत होता. शेवटी यंदा मी आणि आमच्या सौभाग्यवती शोभा, दोघं तीन आठवड्यांसाठी गेलो. विमानांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तीन विमानं बदलली आणि तिन्हींत शोभाने ज्वारीच्या पिठाची पिशवी मांडीवर घेतली होती.

बाराकाव

अमोलचं गाव बाराकाव. ते ब्राझीलच्या पाराना राज्यात येतं. त्याला लागून, म्हणजे मध्ये एक रस्ता सोडून, दुसरं गाव आहे दियोनिसियो सेर्केइरा. ते दुसऱ्या राज्यात, सांता कातारिनात. आणि या दोघांना लागून तिसरं गाव बर्नार्दो दे इरिगोजेन. ते मात्र सरळ दुसऱ्या देशात, अर्जेंटिनाच्या मिसिओनेस प्रांतात. (शोभाने पहिल्याच दिवशी त्याचं नाव इरिगाव करून टाकलं आणि मीही पुढे तेच लिहिणार आहे.) ही हद्द कोरडी आहे. मध्ये नदी नाही, पूल नाही. नकाशावर तीन गावं, डोळ्यांना एकच. दोन देश, दोन राज्यं, एक प्रांत आणि तीन नगराध्यक्ष, एवढा कारभार मिळून आपल्या भोकरदनएवढं गाव चालवतो. काही कामं तिघं एकत्र येऊन करतात, असं अमोल म्हणाला. तीन नगराध्यक्ष एका टेबलाला बसतात हे ऐकून मी त्याला दोनदा विचारलं, खरंच का.

इकडचे लोक पोर्तुगीज बोलतात, तिकडचे स्पॅनिश, आणि रस्त्यात भेटले की दोन्हीची मिसळ. कुत्री बिनव्हिसाची ये-जा करतात. आपल्याकडे धावडा गावाच्या पुढे बुलढाणा जिल्हा कुठे सुरू झाला ते पाटी वाचल्याशिवाय कळत नाही, तसंच.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी अंगणात उभा राहून शोभाला सगळा भूगोल समजावून सांगितला. दुपारची वेळ होती. सूर्याकडे तोंड केलं आणि म्हणालो, "ही दक्षिण. म्हणजे उजवा हात पश्चिम. पश्चिमेला अर्जेंटिना. त्या रस्त्याकडे अजिबात फिरकायचं नाही." त्या रस्त्याला भाजीचं दुकान होतं. दोन दिवस आम्ही वरण आणि भाकरी खाल्ली. तिसऱ्या दिवशी अमोलने विचारलं की भाजी का आणत नाही. मी कारण सांगितलं. तो हसता हसता खाली बसला.

"बाबा, इथं दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. तुमी दोन दिवस ब्राझीलला अर्जेंटिना समजून राह्यले."

चौतीस वर्षं दिशा दाखवून खाल्लेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. शोभा उठली. पिशवी घेऊन भाजी आणायला गेली, आणि जाताना दाराशी थांबून विचारलं, "उजवीकडंच जायचं ना, साहेब?" मला ती घरात कधी साहेब म्हणत नाही.

हद्दीचा दगड

अमोलच्या घरासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे लांबट बाग आणि त्या बागेतून हद्द जाते. एका जागी हद्दीचा दगड आहे, पांढरा रंगवलेला. आमच्या खात्यातल्या दगडांच्या मानाने फारच लाडात वाढलेला. त्याच्याभोवती फुलझाडं होती आणि त्याला कोणी उपटून घरच्या पायरीला बसवलं नव्हतं.

दगड तिथेच का, हे अमोलच्या कचेरीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने सांगितलं तेव्हा मला फार आनंद झाला. तिथे जमिनीची एक धार आहे. धारेच्या एका अंगाला पडलेलं पाणी उत्तरेच्या नदीला मिळतं, दुसऱ्या अंगाचं दक्षिणेच्या नदीला, आणि मधली धार हीच दोन देशांची हद्द. कोणती नदी हद्दीची धरायची यावरून दोन्ही देश कितीतरी वर्षं भांडले. शेवटी तिसऱ्याच देशाच्या अध्यक्षाकडे लवादाला गेले आणि निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला. म्हणजे भाऊबंदकीच, फक्त बांध लांब. आमच्या धावड्याच्या डोंगराची धारही अशीच. इकडचा थेंब गोदावरीला, तिकडचा तापीला. त्या धारेवर उभं राहून मी पावसाळे काढले आहेत. इथे मात्र माती तांबडी, अगदी कुंकवासारखी, आणि जुलै महिन्यात सकाळी गवतावर दहिवर गोठून पांढरं झालेलं. आपल्याकडे त्या वेळी लोक शेतात उघडे कोळपत असतात आणि मी तिथे माकडटोपी घालून परदेशाकडे बघत उभा.

पलीकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे व्हिसा फक्त ब्राझीलचा. अमोलने पहिल्याच दिवशी हात जोडून सांगितलं होतं, "हितले लोक जातात-येतात, त्यायचं चालतं. तुमी जाऊ नका. माझ्या परवान्याचे कागद याच महिन्यात सरकारात गेले. तुमी तिकडं सापडले तं मला बोरिया-बिस्तर घेऊन जालन्याला यावं लागन."

मी म्हणालो, "हद्द कोणाला शिकवतोस?"

डबा

चौथ्या दिवशी दारात एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई आल्या. हद्दीपलीकडच्या पिवळ्या घरातल्या, नाव एल्सा. शाळेत स्वयंपाकीण होत्या, आता एकट्या राहतात. त्यांनी शोभाला बागेत पाहिलं होतं, नऊवारीवर अमोलचं जाडजूड जाकीट घातलेली. त्यांनी हातात एक पत्र्याचा गोल डबा दिला आणि काहीतरी भरभरून बोलून निघून गेल्या. झाकणावर धबधब्याचं चित्र, कडेने रंग उडालेला. आत चिपा नावाच्या गरम कड्या होत्या. त्या तिथल्या कंदाच्या पिठात चीज मळून भाजतात. तो कंद म्हणजे आपला साबुदाणा ज्याचा करतात तोच.

शोभाने एक खाल्ली, दुसरी खाल्ली आणि डबा धुऊन पालथा घातला. मला तेव्हाच पुढचं दिसायला हवं होतं. आमच्या घरात शेजारणीचा डबा रिकामा परत जात नाही. साखर नसली तर गूळ, गूळ नसला तर निदान चार मिरच्या. दुसऱ्या दिवशी डबा तळलेल्या कुरडया घेऊन निघाला.

"हद्द," मी म्हणालो.

"मी कुठं चालले हद्दीत? तिला दगडापाशी बोलावते."

तसंच झालं. शोभा दगडाच्या अलीकडे, एल्साबाई पलीकडे, आणि मध्ये मी देखरेखीला. "हात पलीकडे गेला तर चालेल, पाय नको," असं मी सांगत होतो आणि शोभा माझ्याकडे न बघता डबा देत होती. एल्साबाईंनी कुरडई उन्हात धरून आरपार बघितली आणि मग खाल्ली. त्यांच्याकडेही रिकामा डबा परत द्यायचा नाही अशी रीत असावी, किंवा कुरडईने त्यांना ईर्ष्या चढली असावी. दोन दिवसांनी डबा उकडलेल्या चिलगोज्यांनी भरून आला. तिथल्या छत्रीसारख्या झाडांचे ते बी, अंगठ्याएवढं, चवीला रताळ्याच्या अंगाने जाणारं. मग इकडून शेंगदाण्याची चटणी गेली. तिकडून करंज्या आल्या. आत मटण निघालं. शोभाने मटणाची करंजी खाऊन पाहिली आणि म्हणाली, "डोकं लावलंय बाईनं." इकडून शंकरपाळे गेले, तिकडून पपईचा मुरंबा आला. दोन देशांच्या व्यापारात त्या तीन आठवड्यांत काही कमी-जास्त झालं असेल तर ते या डब्यामुळे.

दोघी बोलायच्या किती, तर अर्धा-अर्धा तास. ही मराठीत, ती स्पॅनिशमध्ये. काय बोलता म्हणून विचारलं तर शोभा म्हणाली, "तिची सून फोन करत न्हाई." हे तिला कसं कळलं, देव जाणे.

निघायला तीन दिवस राहिले तेव्हा डबा आमच्याकडे होता. शोभाने धपाटे करून भरला, बागेत गेली, दगडापाशी बसली आणि तसाच घेऊन परत आली. एल्साबाई आल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशीही नाही. पिवळ्या घराची एक खिडकी उघडी दिसत होती, पण माणूस दिसत नव्हतं. धपाटे आम्ही खाल्ले, तिने नवे केले.

तिसरा दिवस शेवटचा. अमोलने त्या मोठ्या धबधब्याला न्यायचं ठरवलं होतं. ब्राझीलच्या बाजूनेही तो दिसतो, म्हणजे हद्दीचा प्रश्न नव्हता. काही तासांचा रस्ता, गाडी सांगून ठेवलेली, रात्री मुक्काम करून पहाटे तिथूनच विमान. बॅगा दारात. मी माकडटोपी घालून तयार.

"डबा राह्यला," शोभा म्हणाली.

अमोल म्हणाला, "आई, मी देतो नंतर."

"तू देशील. रिकामा देशील. तुला म्हाईत हाये का धपाटे करायला? तिचं काय झालं असंल, पडली-बिडली असंल. एकटी बाई हाये. मी त्या धबधब्याचं काय करू? पानी पानीच हाये."

अमोल गाडीवाल्याशी बोलायला रस्त्याच्या टोकाला गेला. मी पासपोर्ट तपासायला आत गेलो. बाहेर आलो तेव्हा ओट्यावर शोभा नव्हती. डबाही नव्हता.

इरिगाव

ती मला दिसली ती पिवळ्या घराच्या ओसरीत. दगडापासून सरळ रेषेत. तिच्यासमोर एक खाकी शर्टातला माणूस उभा होता. कमरेला पट्टा, बगलेत वही. आणि त्याच्या हातात आमचा डबा, झाकण उघडलेलं. त्याने आत वाकून पाहिलं. पंचनामा चालू झाला, असं मला वाटलं. अमोलची नोकरी गेली, शोभा परदेशात कोठडीत, आणि पुरावा म्हणून धपाटे.

मी दगडापाशी पोचलो आणि थांबलो. नोटीस नाही, व्हिसा नाही, मोजणीची तारीख नाही. मग शोभाने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि मी हद्द ओलांडली. पावलं मी मोजली. सवय जात नाही. चाळीस भरली.

ओसरीत पोचल्यावर मी दोन्ही हात वर केले. एका हातात पासपोर्ट होता. "मी भारतीय," मी आधी मराठीत आणि मग मोडक्या इंग्रजीत सांगितलं. "आमच्याकडे तुमचा व्हिसा नाही. चूक माझी आहे. बाईंची नाही, मुलाची तर मुळीच नाही. जे करायचं ते मला करा."

खाकीवाल्याने पासपोर्ट घेतला. पानं चाळली. फोटो पाहिला, मला पाहिलं आणि काहीतरी बोलला. ओसरीच्या कोपऱ्यातून एल्साबाई हसल्याचा आवाज आला. त्या खुर्चीत बसल्या होत्या, उजवा पाय प्लास्टरमध्ये, स्टुलावर ठेवलेला. गोठलेल्या गवतावरून घसरल्या होत्या. मग त्या माणसाने मोबाईल काढला, त्यात बोलला, आणि मोबाईल शुद्ध हिंदीत मला म्हणाला, "मैं बिजली का मीटर देखने आया हूँ. आप हाथ नीचे कर लीजिए. फोटो में आप जवान दिखते हैं."

त्याचं तोंड भरलेलं होतं. धपाट्याचा अर्धा तुकडा वहीवर होता.

मी हात खाली घेतले. शोभा म्हणाली, "तुमी कशाला आल्ते? हद्द हाये ना." आणि एल्साबाईंच्या पायाखाली उशी सारायला लागली.

मग आम्हाला बसवलं. एल्साबाईंनी वाळल्या भोपळ्याचा एक तुंबा घेतला, त्यात हिरवा पाला दाबला, धातूची नळी खोचली, वरून गरम पाणी ओतलं. याला माते म्हणतात. त्या भागात पाण्याच्या खालोखाल हेच. पहिल्यांदा त्या स्वतः प्यायल्या. पुन्हा पाणी ओतून तुंबा मीटर रीडरला दिला. त्याने शेवटपर्यंत ओढला आणि परत दिला. पुन्हा पाणी ओतलं आणि तोच तुंबा, तीच नळी, माझ्या हातात.

मी इकडे-तिकडे पाहिलं. कोणी नळी पुसली नाही. कोणाच्या तोंडावर काही नव्हतं. माझ्या वडिलांचा चहाचा कप हॉटेलाच्या वळचणीला खोचलेला असायचा, वेगळा, कान तुटलेला. प्यायचा आणि आपला आपण विसळून परत खोचायचा. मी लहानपणी त्यांच्या बोटाला धरून तो पाहिला आहे. मला साहेब म्हणणाऱ्या एक-दोन घरांनीसुद्धा पाणी ओंजळीत वरून ओतलेलं आहे. आणि इथे एका परक्या माणसाच्या तोंडातली नळी सरळ माझ्या तोंडात. माते कडू होतं, कडुनिंबाचा काढा बरा. माझे डोळे भरून आले ते कडूपणाने, असं मी दाखवलं. तुंबा परत देताना अमोलने शिकवलेला एकुलता एक शब्द मी मनापासून म्हणालो. "ग्रासियास." म्हणजे धन्यवाद.

तुंबा शोभाला गेला. मग एल्साबाई. मग मीटर रीडर. मग माझ्यापुढून सरळ शोभाकडे. मला वाटलं, चुकून झालं असेल. दुसरी फेरी आली. पुन्हा माझ्यापुढून शोभाकडे. मी हात थोडा पुढे केला होता, तो गुडघ्यावर ठेवला. इतक्या लांब येऊनही तेच का, असं मनात आलं, आणि वळचणीतला तो कप डोळ्यांपुढून हलेना. शोभा मात्र तिसऱ्यांदा पीत होती आणि तोंड वाकडं करून पुन्हा हात पुढे करत होती.

एल्साबाईंनी माझा चेहरा पाहिला असावा. त्यांनी मीटर रीडरला काही सांगितलं, तो मोबाईलला बोलला, आणि मोबाईल मला म्हणाला, "आपने धन्यवाद कह दिया. यहाँ माते पर धन्यवाद का मतलब होता है, बस, और नहीं. जिसे और पीना है, वह कुछ नहीं कहता."

म्हणजे मला कोणी पंगतीतून उठवलं नव्हतं. सभ्यपणा करून मीच उठलो होतो.

"तू धन्यवाद म्हणाली नाहीस का?" मी शोभाला विचारलं.

"मी कामून म्हनू? घरच्या मानसाला कोन धन्यवाद म्हंतं?"

मी तुंब्याकडे हात केला. एल्साबाईंनी पाणी ओतलं. त्यानंतर मी चार वेळा ते कडू प्यायलो आणि एक अक्षर बोललो नाही. मला इतका आनंद क्वचित झाला असेल.

इतक्यात दगडापाशी अमोल दिसला. तो हद्दीच्या अलीकडे दोन्ही हातांनी डोकं धरून उभा होता. आम्ही उठलो. एल्साबाईंनी खुर्चीतूनच डबा मागून घेतला, उरलेले धपाटे ताटलीत काढले आणि मीटर रीडरला स्वयंपाकघरात पाठवलं. शोभाच्या लक्षात आलं. "न्हाई, न्हाई, राहू द्या, रिकामाच राहू द्या," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा. पण मीटर रीडर डबा चिपांनी गच्च भरून घेऊन आला, आणि तो परत करणं म्हणजे अपमान. शोभाने डबा घेतला आणि एल्साबाईंच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. दोघी रडल्या. मी आणि मीटर रीडरने मीटरकडे पाहिलं. त्याचं पुढचं घर आमच्याच वाटेवर होतं, म्हणून तो दगडापर्यंत मागोमाग आला.

अमोलने शोभाला काही विचारलं नाही. मला म्हणाला, "बाबा, तुमी? आई गेली तं समजू शकतो. तुमी गेल्ते?" धबधब्याची वेळ टळून गेली होती. विमानतळापर्यंत सगळी वाट शोभा डबा मांडीवर घेऊन बसली, आणि मी झाकणावरचा धबधबा बघत गेलो. तसा बरा आहे.

टेंभुर्णी

चिपा विमानातच संपल्या. डबा आता आमच्या मांडणीवर आहे. शोभा त्यात दर पंधरवड्याला काहीतरी भरते, कारण रिकामा ठेवायचा नाही, आणि जाणं होत नाही म्हणून ते मला खावं लागतं. या वेळी आम्ही अर्जेंटिनाचा व्हिसा रीतसर मागायचं ठरवलं आहे. अमोल फोनवर अर्ज भरून देतो आहे. त्यात एक रकाना आहे, यापूर्वी या देशात आला होतात काय. अमोल म्हणाला, "न्हाई लिहितो." शोभा म्हणाली, "खोटं लिहू नको. चाळीस पावलं गेल्ते म्हणून लिही." अर्ज त्या रकान्यापाशी अडून पडला आहे.

परवा मात्र शोभाने त्याला एल्साबाईंना निरोप पाठवायला लावला. पाय कसा आहे, सूनबाईंचा फोन आला का, तुमचा डबा आमच्याकडे सुखरूप आहे, भरून घेऊन येतो. अमोलने तो स्पॅनिशमध्ये लिहिला आणि वाचून दाखवला. आम्हाला त्यातला एकच शब्द कळला, अगदी शेवटचा.

"ते ग्रासियास काढ आधी," शोभा म्हणाली.

"आई, पत्राच्या शेवटी लिहावं लागतं. पद्धत हाये ती."

"आसंल पद्धत. पुसून टाक. ते म्हणलं की मंग ती पुन्हा ओतत न्हाई."